एक फाटक, दोन शेपटं

नांटवेन,
रविवार, जेवणाची भांडी अजून तशीच

तीर्थस्वरूप एमलिनदादास,

धाकट्या ऑलवेनचा नमस्कार. ऑपरेशन करून बसवलेल्या तुझ्या नव्या खुब्यालाही वेगळा नमस्कार (तो आता तुमच्या घरातला नवा माणूस, तेव्हा आधी त्याची विचारपूस करायला हवी). तो कसा आहे? जिना चढतो का? डॉक्टरांनी रोज तीन मैल चालायला सांगितलं होतं, त्यातले किती मैल खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंतचे असतात आणि किती खरे, हे मी विचारणार नाही. मी तुला ओळखते. तू खिडकीतल्या खुर्चीत बसून समुद्रावरची जहाजं मोजत असशील. इकडे आम्ही सगळे मजेत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते लहानपणापासूनच बोलके आहेत. तुझ्या मेव्हण्याला, ट्रेफरला, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्याला वाटतं रेल्वेचा सिग्नल अजून त्याच्याच हातात आहे, आणि हे खोटं नाही हे पुढे वाचशीलच.

सुरुवातीलाच सांगते की या पत्रामागे माझा काहीही हेतू नाही. काही मागायचं नाही, काही सुचवायचं नाही. तू मागच्या महिन्यात फोनवर म्हणालास, "ऑलवेन, खुर्चीतून उठायला काही कारण असेल तर सांग, नाहीतर नुसतं या या म्हणू नकोस," तेव्हापासून मी ये म्हणणं सोडून दिलंय. हे पत्र केवळ बातमी म्हणून. पण बातमी अशी आहे दादा, की भांडी तशीच टाकून लिहायला बसलेय! पुढच्या शनिवारी आमच्या पार्कातली शंभरावी धाव आहे. शंभरावी! आणि त्याच दिवशी ठरणार आहे की एकशे एकावी होणार, की पार्कवाले आमची धाव कायमची बंद करणार. कालच्या शनिवारी असा घोळ झाला की सगळं नांटवेन अजून त्याच्यावरच बोलतंय. आज सकाळी प्रार्थनेत आमेन म्हणायच्या वेळीसुद्धा मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली.

तू गाव सोडलंस तेव्हा कोळशाच्या खाणीची जागा नुसती काळी पडून होती. आता ओळखणार नाहीस. खड्ड्याचं तळं झालंय, तळ्याभोवती वाट आहे, पलीकडे बर्चची झाडं वाढलीत, आणि आपला तो राखेमातीचा काळा ढीग, ज्याच्यावर पाय ठेवला तर आई झाडू घेऊन मागे लागायची, त्याच्यावर हिरवंगार गवत आलंय आणि लोक त्याला कौतुकानं टेकडी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आम्हा सहा बायकांना चाला म्हणून सांगितलं, आम्ही चाललो, मग कोणीतरी पळालं, आणि आता दर शनिवारी नऊ वाजता दीडशे माणसं तळ्याकाठी गोळा होतात. तळं, झाडी, टेकडी आणि परत, असे पाच किलोमीटर. शर्यत नाही, बक्षीस नाही, ज्याला पळायचं त्यानं पळावं, ज्याला चालायचं त्यानं चालावं. मी सगळ्यांची मुख्य. शाळेच्या स्वयंपाकघरात बत्तीस वर्षं काढली, तेव्हा दीडशे माणसांना एका ओळीत उभं करणं मला काही नवीन नाही. शिट्टी मी वापरत नाही. शाळेतून निवृत्त होताना दिलेला मोठा डाव आहे, तो पातेल्यावर आपटला की धाव सुरू. (सुरुवातीला काहीजण सवयीनं ताट घेऊन पुढे यायचे.)

आता या धावेत एक पद आहे, त्याचं नाव शेपूट. सांगते. आमच्याकडे कोणी शेवटचं यायचं नाही असा नियम आहे. कितीही हळू चालणारा असो, त्याच्या मागे आमचा एक स्वयंसेवक नारिंगी जाकीट घालून चालतो, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'शेपूट' लिहिलेलं. त्यामुळे शेवटचा येतो तो शेपूट, आणि बाकी कोणालाच घरी जाऊन "मी शेवटचा आलो" असं सांगावं लागत नाही. शिवाय वाटेवर प्रत्येक वळणाला आमचा एक माणूस उभा असतो, तो शेपूट पुढे गेल्याशिवाय जागा सोडत नाही, आणि शेपूट आत आल्याशिवाय घड्याळ थांबत नाही. थोडक्यात सगळा कारभार शेपटावर चालतो. पहिला कोण येतो याची कोणाला पर्वा नसते, राग मानू नकोस.

हे शेपूट साडेदहाच्या आत परत यायला हवं, अशी पार्कचे अधिकारी मि. स्पार्गो यांची अट. कारण पावणेअकराला तळ्यावर खेळण्यातल्या बोटी चालवणाऱ्या मंडळाची पाळी असते. हे मंडळ म्हणजे अकरा म्हातारे, बारा जहाजं आणि अपार गांभीर्य. मे महिन्यात आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला, त्यांनी हट्टानं जहाजं सोडली, आणि आमच्यातल्या एका पळणाऱ्याच्या कुत्र्यानं तळ्यात उडी मारून त्यांची सगळ्यात मोठी युद्धनौका तोंडात धरून मालकाच्या पायाशी आणून ठेवली. कुत्रं बिचारं शेपटी हलवत शाबासकीची वाट बघत होतं. मंडळाचे अध्यक्ष मात्र खरोखरची नौका बुडाल्यासारखे टोपी काढून उभे राहिले. ती आमची पहिली तक्रार. तीन तक्रारी झाल्या की धाव बंद, असं स्पार्गोनं तेव्हाच कागदावर लिहून दिलं. दुसरी काल झाली.

झालं असं. आमचं नेहमीचं शेपूट म्हणजे मॉरफिड पॅरी. तुला आठवते ना? चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवणारी, नवरा जाऊन आठ वर्षं झाली, आवाज माझ्यापेक्षा मोठा आणि चाल त्या ऑर्गनसारखी संथ. गेले सत्याण्णव शनिवार ती शेपूट आहे, आणि त्या जागेचा तिला एवढा अभिमान की एकदा एक बाई चप्पल तुटली म्हणून तिच्या मागे राहिली, तर मॉरफिड वाटेतच दगडावर बसली आणि त्या बाईला पुढे घालूनच उठली. गुरुवारी मी तिला फोन केला, शनिवारी येतेस ना? ती म्हणाली, "हो, आत्ता कळवते, जरा वेळानं." आता आपल्या दरीत 'आत्ता, जरा वेळानं' याचा अर्थ काय होतो हे तुला सांगायला नको. त्याचा अर्थ पाच मिनिटंही होतो आणि इस्टरनंतरही होतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिचा पत्ता नाही. माझा धीर सुटला. मी मि. टिमिन्स यांना विचारलं.

टिमिन्स नवीन आहेत. (म्हणजे सहा वर्षं झाली इथं येऊन, पण त्यांचे आजोबा कोणाला माहीत नाहीत, म्हणून नवीन.) इंग्लंडातून आलेत, जमिनी मोजायच्या खात्यात होते, एकटे असतात, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावतात. फार सज्जन माणूस, पण लिहून दिल्याशिवाय हालत नाही. म्हणून मी त्यांना चिठ्ठी लिहिली: आपण शेपूट आहात, आपल्या मागे कोणीही राहता कामा नये. त्यांनी ती चिठ्ठी पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवली. आणि शनिवारी सकाळी मॉरफिड आली! तिच्या मते तिनं कळवलेलंच होतं. तिच्याकडे तिचं जाकीट, टिमिन्सकडे मी कपाटातून काढून दिलेलं जुनं. मला दोघं एकत्र दिसलीच नाहीत, मी पातेलं शोधत होते. डाव आपटला, दीडशे माणसं सुटली, आणि मी आपली निश्चिंत मनानं चहाच्या बंबाकडे वळले.

दहा वाजेपर्यंत एकशे अठ्ठेचाळीस माणसं परत आली. सव्वादहाला एक आजी आणि तिची नात. त्यानंतर कोणी नाही. साडेदहा झाले, शेपूट नाही. पावणेअकरा झाले, बोटवाले आपापली जहाजं छातीशी धरून तळ्याकाठी उभे राहिले, आणि घड्याळ आमच्या ट्रेफरच्या हातात टिकटिक करत राहिलं. मला वाटलं शेपटाला चक्कर आली असणार. मी ट्रेफरला दोरांच्या गल्लीच्या तोंडाशी उभं केलं (शेवटच्या टप्प्याला दोन बाजूंना दोर लावून एक अरुंद गल्ली करतो, माणसं एकामागून एक त्यातून बाहेर येतात आणि प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला मिळतो) आणि बजावलं, "जो दोरातून येईल त्याला बिल्ला द्यायचा, वेळ लिहायची, आणि शेपूट येईपर्यंत जागचं हलायचं नाही." तो म्हणाला, "समजलं." हा शब्द त्याच्या तोंडून आला की मला खरं म्हणजे घाबरायला हवं, पण मी घाईत होते. मी शेवटाकडून, उलट्या दिशेनं वाटेला लागले.

दादा, मी दोन वर्षं ही धाव चालवते, पण धाव चालू असताना स्वतः त्या वाटेच्या उत्तरार्धात कधी गेलेच नव्हते. बंबाजवळ कोणीतरी लागतंच ना! काल पहिल्यांदा गेले. प्रत्येक वळणावर आमची माणसं पावसात तशीच उभी, कोणी जागा सोडलेली नाही. बदकांच्या वळणावरची बाई म्हणाली, "शेपूट अजून गेलं नाही." पुलावरचा माणूस म्हणाला, "शेपूट अजून गेलं नाही, आणि ओव्हनमध्ये माझं मटण आहे." मग घरी जा की, म्हटलं. तर मलाच वेड्यात काढल्यासारखा बघायला लागला. टेकडी चढून पलीकडे उतरले आणि समोर ते फाटक.

चुंबनफाटक, दादा. आपलं लहानपणचंच. स्पार्गोनं खाणीच्या अडगळीतून काढून, रंग देऊन टेकडीच्या पायथ्याशी पुन्हा बसवलंय, म्हणजे मेंढ्या टेकडीवरून खाली यायच्या नाहीत. अर्धगोल कठडा, त्यात झुलणारं एकच पाख, एका वेळी एकच माणूस आत शिरतो, पाख मागे ढकलतो, बाहेर पडतो, मग पुढचा. पुढे गेलेल्यानं मागच्याला मुका घेतल्याशिवाय सोडायचं नाही ही त्याची जुनी रीत, नाव त्यावरूनच पडलं. तुला कदाचित नसेल आठवत, पण त्या फाटकापाशी मी बरीच वर्षं रडले आहे. तू ढिगावर पळत सुटायचास, मी मागून धावत यायचे, फाटक मला एकटीला ढकलवत नव्हतं, आणि तोपर्यंत तू वर पोचलेला असायचास. तू एकदाही मागे वळून बघितलं नाहीस. (आरोप नाही हा. तू जिंकणारा होतास, जिंकणाऱ्यांची मान मागे वळत नसावी.) असो. ते फाटक काल तिथं होतं आणि त्याच्या पलीकडे, झाडीच्या बाजूला, दोन नारिंगी जाकिटं होती.

दोघं उभी होती. सव्वा तास! फाटकाचं पाख टिमिन्सनी एका हातानं अदबीनं उघडून धरलेलं, आणि मॉरफिड त्याच्यासमोर काठी रोवून उभी. झाडीपर्यंत ती एकमेकांच्या मागे राहायचा प्रयत्न करत हळूहळू चालत आली होती, पण फाटकातून एकदम दोघांना जाता येईना, आणि जो आधी जाईल तो शेपूट राहणार नाही. मी पोचले तेव्हा संवाद असा चालला होता.

"आपण आधी, बाई."

"छे छे, तुम्ही पाहुणे. तुम्ही आधी."

"मला लेखी सूचना आहे, बाई, की माझ्या मागे कोणी राहू नये."

"सत्याण्णव शनिवार झाले, माझ्या मागे कोणी राहिलेलं नाही. तुमच्यासाठी आज सुरुवात करू होय?"

आवाजात भांडण म्हणशील तर अजिबात नाही. उलट मध्येच टिमिन्स थर्मासातला चहा झाकणात ओतून तिला देत होते, आणि मॉरफिडनं पिशवीतून चहात भिजवलेल्या मनुकांचा केक काढून, लोणी लावून, त्याची फोड कठड्यावर ठेवली होती. पण हात फाटकावरून निघेना आणि काठी जमिनीतून निघेना. मी आधी समजावलं. मग शाळेतल्या आवाजात सांगितलं. झाडावरचे कावळे उडाले, ही दोघं जागची हलली नाहीत. शेवटी मीच तोडगा काढला (आयुष्यात पुन्हा कधी तोडगा काढणार नाही) की दोघांनी एकदमच आत शिरायचं, म्हणजे कोणीच आधी नाही आणि कोणीच मागे नाही.

दोघांना ते न्यायाचं वाटलं. दोघं शिरली. दादा, ते फाटक एका मेंढीलासुद्धा जाता येऊ नये म्हणून बांधलंय, आणि मॉरफिड काही मेंढीएवढी नाही. पाख तिच्या मागे अडकलं, टिमिन्स कठड्याला चिकटले, थर्मास दोघांच्या मधे. ना पुढे, ना मागे. मी पाख ओढत होते. तेवढ्यात मॉरफिड, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, म्हणाली, "मि. टिमिन्स, या फाटकाचा नियम तुम्हाला माहीत आहे का?"

टिमिन्सनी खिशातली प्लास्टिकची पिशवी चाचपली. "लेखी आहे का?"

"पाटीवर आहे. तुमच्या डोक्याच्या वर."

आणि खरंच होती! स्पार्गोनंच हौसेनं लावलेली, फाटकाचा इतिहास सांगणारी पाटी, सोनेरी अक्षरांत. टिमिन्सनी मान वर करून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, खिशातून रुमाल काढून ओठ पुसले, म्हणाले, "परवानगी असावी," आणि नियम पाळला. गालावर, थोडक्यात, पण पाळला. मॉरफिड हसली तशी आक्रसली की काय कोण जाणे, पाख सुटलं आणि दोघं माझ्या बाजूला आली. अगदी त्याच वेळी माझ्या पाठीमागून कोणीतरी खाकरलं. स्पार्गो. हातात वही. पावसात भिजलेला, बोटवाल्यांनी पाठवलेला.

त्याला म्हटलं, झालं आता, चला, शेपूट येतंय. आम्ही मिरवणुकीसारखे टेकडीवरून उतरलो, मागून प्रत्येक वळणावरचा माणूस सुटला. बारा वाजून दहा मिनिटांनी तळ्याकाठी पोचतो, तर दोरांच्या गल्लीत ही गर्दी! ओळखीचा एकही चेहरा नाही. सगळ्या सत्तरीपुढच्या बायका, हातात पर्स, डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या. शेजारच्या दरीतल्या चॅपेलची सहलीची बस आली होती, पार्कातल्या कॅफेत जेवायला. बायकांनी दोर बघितले, दोरांत दोघीतिघी उभ्या बघितल्या, आणि आपल्याकडे रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशाची आहे ते मग विचारतो. ट्रेफरला मी सांगितलं होतं जो दोरातून येईल त्याला बिल्ला. त्यानं एकतीस बिल्ले दिले. एकतीस वेळा नोंदवल्या. एकीनं त्याला विचारलं, "सूप कोणतं आहे?" तर तो म्हणाला, "मला फक्त वेळ माहीत आहे." त्यातल्या ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींनी बिल्ला मिळाला म्हणून पुन्हा एकदा रांग लावली, त्यामुळे आमच्या यादीत त्या आपल्या वयोगटात पहिल्याही आहेत आणि दुसऱ्याही.

स्पार्गो तळ्याकाठी उभा राहून हे सगळं बघत होता. माणूस वाईट नाही, त्याच्या मिशा हलत होत्या, पण त्याच्यामागे अकरा बोटवाले छातीशी जहाजं धरून उभे होते. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिसेस प्रॉसर, ही दुसरी. पुढच्या शनिवारी मी स्वतः घड्याळ घेऊन इथं उभा राहणार. शेपूट एकच हवं, आणि साडेदहाच्या आत हवं. नाहीतर मला नाइलाजानं तिसरी लिहावी लागेल. आणि शेपटाचं नाव बुधवारपर्यंत लेखी द्या. एकच नाव." या धावेपायी मला काल पहिल्यांदा रडू आलं, दादा. हसताना ही माणसं बघितलीस तर कळेल. दीडशेतली शंभर अशी आहेत की शनिवार सोडून ज्यांच्याशी आठवडाभर कोणी बोलत नाही. ही धाव बंद पडली तर ती पुन्हा आपापल्या खिडकीत जाऊन बसतील, आणि खिडकीत बसलेला माणूस बाहेर काढायला किती कठीण, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे!

आता शेपूट कोण? काल रात्रीचं जेवण व्हायच्या आत दोन पत्रं दारातून आत पडली. मॉरफिडनं लिहिलंय की ही जागा मि. टिमिन्स यांना देण्यात यावी, ते फार पद्धतशीर गृहस्थ आहेत. टिमिन्सनी लिहिलंय की या जागेवर मिसेस पॅरी यांचाच हक्क आहे. आणि दोघांनीही शेवटी एकच वाक्य टाकलंय की पुढच्या शनिवारी आपल्याला यायला जमणार नाही, सकाळ गुंतलेली आहे. आज प्रार्थनेनंतर दोघं शेजारी शेजारी चालत गेली. फाटकाच्या दिशेनं. (कोण आधी गेलं ते कळलं नाही, मी मटण जळेल म्हणून घरी आले.) बाकी कोणी शेपूट व्हायला तयार नाही, कारण शंभराव्या धावेत प्रत्येकाला पळायचंय. ट्रेफर घड्याळाशी लागतो. आणि मला स्वतःला त्या दिवशी जमणार नाही, त्याचं कारण आहे, ते राहू दे.

असो. फार लांबलं. म्हटलं ना, नुसती बातमी द्यायची होती. तू आपला खुबा सांभाळ, जहाजं मोज, आमची काळजी करू नकोस. भांडी घासायला उठते.

तुझी धाकटी,
ऑलवेन

ता. क. शेपटाला पळावं लागत नाही. पळता येणारच नाही अशा माणसालाच ती जागा शोभते. तीन मैल होतात, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेत तेवढेच, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

ता. क. स्पार्गोला नाव मी आजच कळवलं, बुधवारपर्यंत कशाला थांबा. तुझं कळवलंय. त्यानं विचारलं, "एमलिन बीव्हन? ढिगाच्या शर्यतीत पाच वर्षं पहिले आलेले? ते शेपूट होणार?" मी म्हटलं, हो, आनंदानं. बोटवाल्यांचे अध्यक्ष तिथंच होते, ते म्हणाले की त्या काळच्या पेपरात तुझा फोटो आला होता तो पाठीचाच होता, तोंड अजून कोणी नीट बघितलेलं नाही, म्हणून ते बघायला मंडळ त्या दिवशी बोटी उशिरा सोडणार आहे. ट्रेफर शुक्रवारी चार वाजता गाडी घेऊन तुझ्या दारात उभा राहील. त्याला मी सांगितलंय की एमलिन गाडीत बसल्याशिवाय जागचं हलायचं नाही, आणि तो म्हणालाय, "समजलं." तेव्हा वाद घालू नकोस, तो रविवारपर्यंत उभा राहील. माडीवरची खोली नको, खाली बैठकीच्या खोलीत पलंग टाकलाय.

ता. क. आता खरं सांगून टाकते. मला त्या दिवशी जमणार नाही, कारण मी धावणार आहे. मी! चौसष्टाव्या वर्षी, या गुडघ्यांनी. सहा आठवडे चोरून सराव करतेय, ट्रेफरलाही माहीत नाही. मी सगळ्यात हळू आहे दादा, सराव करताना मेंढ्यासुद्धा पुढे जातात. म्हणजे शेपूट जो असेल तो पाचही किलोमीटर माझ्याच मागे चालणार. मी कोणाचंही नाव देऊ शकले असते. पण सगळं लहानपण तुझी पाठ बघत तुझ्यामागे पळाले, आता एकदा मागे वळल्यावर तू तिथं दिसायला हवास. हे आहे तुझं खुर्चीतून उठायचं कारण. याहून चांगलं माझ्याजवळ नाही.

ता. क. फाटकापाशी पोचलो की 'तू आधी, तू आधी' करत बसू नकोस. स्पार्गो घड्याळ घेऊन उभा असेल. पाख तू ढकलून धर, ते अजून जड आहे. आधी मी जाणार.